लाड आणि अतिलाड

मुलाला जे स्वतः करता येईल ते त्याच्यासाठी करून टाकणे, ज्याची वाट पाहता येईल ते लगेच देणे आणि जिथे नकार द्यायला हवा तिथे तो न देणे, हे रोजचे झाले की त्याला अतिलाड म्हणतात. साध्या लाडाशी त्याचे नाते वाटते तितके जवळचे नाही. आजारपणात आईने उशाशी बसून राहावे, आजीने पानात शिऱ्याची मूद जरा मोठी वाढावी, दिवाळीत किल्ल्यासाठी अंगण मातीने भरू द्यावे, मामाच्या घरी उशिरापर्यंत जागू द्यावे, यांनी कोणतेही मूल बिघडत नाही. आपण कुणाला तरी मनापासून हवे आहोत हे अशा लाडांतून मुलाला कळते आणि ते कळल्याशिवाय पुढची कोणतीही शिस्त रुजत नाही. अतिलाडात मात्र वस्तू, मदत किंवा सूट देता देता मुलाच्या वाढीला लागणारी एखादी संधी त्याच्याकडून काढून घेतली जाते. त्या क्षणी मूल खूशच असते. त्यामुळे हे नुकसान घरातल्यांच्या लक्षात येईपर्यंत पुष्कळ वर्षे निघून गेलेली असतात.

अमेरिकेतील जीन इल्सली क्लार्क, कॉनी डॉसन आणि डेव्हिड ब्रेडेहॉफ्ट यांनी ‘हाऊ मच इज इनफ?’ या २००४ मधील पुस्तकात अतिलाडाचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला वस्तूंचा: खेळणी, कपडे, खाऊ, सहली, सगळेच गरजेपेक्षा जास्त. दुसरा सेवेचा: मुलाने करायचे ते मोठ्यांनी करायचे. तिसरा सैल शिस्तीचा: घरात नियम नाहीत, असले तर ते कुणी पाळत नाही आणि मुलाच्या वाट्याला घरचे कोणतेही काम येत नाही. पहिला प्रकार डोळ्यांत भरतो, म्हणून अतिलाड हे श्रीमंतांचे दुखणे आहे असा समज पसरला आहे. बाकीच्या दोन प्रकारांना मात्र पैसा लागत नाही. दोन खोल्यांच्या घरात सातवीतल्या मुलाला आई घास भरवते, त्याचे दप्तर वडील भरतात आणि त्याचा डबा धाकटी बहीण घासते, तिथेही अतिलाड चालूच असतो.

बहिणीचा उल्लेख इथे सहज आलेला नाही. आपल्याकडे अतिलाडाची वाटणी पुष्कळदा मुलगा की मुलगी हे पाहून होते. नवसाचा, वंशाचा दिवा म्हणून ज्याला तळहातावर झेलले जाते त्याला पाण्याचा तांब्याही स्वतः घ्यायची सवय लागत नाही, आणि त्याच घरातली मुलगी दहाव्या वर्षी सगळ्यांची ताटे उचलत असते. यात नुकसान दोघांचे होते. मुलगा परावलंबी होतो आणि आपली सेवा करणे हे कुणा बाईचेच काम आहे असे मानून मोठा होतो. मुलगी स्वतःला कमी लेखायला शिकते. मुलाच्या लग्नानंतर घरात उडणाऱ्या खटक्यांचे मूळ अनेकदा इतके मागे सापडते.

तान्ह्या बाळाला यातले काहीही लागू नाही, हे आधीच स्पष्ट केले पाहिजे. रडणाऱ्या बाळाला लगेच उचलले तर त्याला ‘हाताची सवय लागते’ असे घरोघरी सांगितले जाते. अमेरिकेतील वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी तर १९२८ साली मुलांना मांडीवर घेऊ नका, मुके घेऊ नका असा सल्ला पालकांना दिला होता. पुढच्या संशोधनाने तो खोटा ठरवला. सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पहिल्या काही महिन्यांत ज्या बाळांच्या रडण्याला आयांनी तत्परतेने दाद दिली ती बाळे वर्षाची होईपर्यंत कमी रडू लागल्याचे आढळले. बाळ रडते ते भुकेने, दुखण्याने, एकटे वाटल्याने. हट्ट करण्याइतकी समज त्याला आलेली नसते. दुसरे वर्ष अर्धे सरल्यावर ‘मला हवं’ आणि ‘मी करणार’ सुरू होते, तिथून मर्यादेचा प्रश्न उभा राहतो.

पालक अतिलाड का करतात, याची काही कारणे काळाने आणली आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील एकूण जननदर १.७ आहे, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी दोनहूनही कमी मुले. पूर्वी चार-पाच भावंडांत एक चेंडू आणि एक सायकल फिरत असे. आता एका मुलामागे आई, वडील, दोन आज्या आणि दोन आजोबा असे सहा मोठे उभे असतात. आईवडील दोघेही कामावर जातात, प्रवासात तास घालवून रात्री घरी येतात आणि दिवसभराच्या गैरहजेरीची भरपाई खाऊच्या पुड्याने किंवा नव्या खेळण्याने करतात. ज्यांचे स्वतःचे बालपण ओढगस्तीत गेले त्यांना आपल्याला जे मिळाले नाही ते मुलाला भरभरून द्यावेसे वाटते. या भावनेत खोट काहीच नाही, तिची थट्टाही कुणी करू नये. पण तिच्या भरात समोरच्या मुलाला आज काय हवे आहे याकडे दुर्लक्ष होते. शिवाय थकवा आहेच. दिवसभर राबून आलेल्या माणसाला रडणाऱ्या मुलाशी झगडण्यापेक्षा हातात मोबाईल देणे सोपे पडते. अतिलाडाची पुष्कळशी कारणे मोठ्यांच्या मनात आणि दिनक्रमात असतात. म्हणून मुलाला बोल लावून काही साधत नाही.

मराठी मध्यमवर्गात अतिलाडाचे एक रूप इतके मान्यताप्राप्त आहे की ते कुणाला अतिलाड वाटतही नाही. ‘तू फक्त अभ्यास कर, बाकी आम्ही बघतो’ या वाक्याने त्याची सुरुवात होते. दहावीचे वर्ष आले की मुलाला घरच्या सगळ्या कामांतून सूट मिळते. पाहुणे आले तरी तो खोलीतून बाहेर येत नाही, लग्नकार्याला जात नाही, आजोबांना दवाखान्यात न्यायचे असेल तर त्याला सांगितलेही जात नाही. त्याच्या पुढ्यात दूध, फळे, बदाम येतात. त्याची चादर दुसरे कुणी घडी करते. बारावी आणि प्रवेशपरीक्षा होईपर्यंत ही सूट तीन वर्षे टिकते, आणि नेमकी हीच वर्षे घर चालवण्याचे काम अंगवळणी पडण्याची असतात. अठराव्या वर्षी हा मुलगा किंवा मुलगी पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात जाऊन पडते तेव्हा कपडे धुणे, पैसे महिनाभर पुरवणे, खोलीतल्या दुसऱ्या मुलाशी जमवून घेणे, एका विषयात नापास झाल्यावर उठून पुन्हा बसणे, हे सगळे एकदम अंगावर येते. गुण चांगले असूनही पहिल्या वर्षात कोलमडून पडणारी मुले पाहिली की त्यांना अभ्यासासाठी दिलेली सूट किती महाग पडली ते कळते. रोज अर्धा तास घरकाम केल्याने कुणाचे गुण घटत नाहीत. आपल्यावाचून घराचे अडते हे मात्र त्यातून मुलाला समजते, आणि परीक्षा बिघडली तरी ही जाणीव शिल्लक राहते.

अतिलाडाची सवय घट्ट कशी होते, हे वर्तनशास्त्राने बारकाईने उलगडून दाखवले आहे. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बरणीतले चॉकलेट दिसते. मूल मागते, आई नाही म्हणते. मूल पाय आपटते, आई पुन्हा नाही म्हणते. मूल जमिनीवर लोळण घेऊन भोकाड पसरते, दुकानातली माणसे वळून पाहू लागतात, आणि आई म्हणते, ‘घे एकदाचं!’ मूल क्षणात शांत होते. या एका मिनिटात दोघांनाही धडा मिळतो. जोरात रडले की मिळते हे मुलाला कळते. दिले की शांतता मिळते हे आईला कळते. पुढच्या वेळी मूल अधिक लवकर लोळते आणि आई अधिक लवकर देते. ओरेगॉनमधील जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांच्या घरी जाऊन केलेल्या निरीक्षणांतून हे चक्र मांडले. मुलांच्या आक्रमक वागण्याची मुळे त्यांना अशाच छोट्या प्रसंगांच्या साखळीत आढळली. यात आणखी एक मेख आहे. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ साली दाखवून दिले की प्रत्येक वेळी बक्षीस मिळणाऱ्या वर्तनापेक्षा अधूनमधून बक्षीस मिळणारे वर्तन मोडायला फार कठीण जाते. म्हणजे चार वेळा ठाम नकार देऊन पाचव्या वेळी विरघळणारे पालक हट्ट कमी करत नाहीत, चिवट करतात.

परिणामांकडे वळल्यावर पहिला प्रश्न वाट पाहण्याचा येतो. वॉल्टर मिशेल यांचा स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतला प्रयोग प्रसिद्ध आहे: एक मिठाई आत्ता, की थोडे थांबून दोन? थांबू शकलेली मुले पुढे अधिक यशस्वी झाली, असे त्यावरून सर्वत्र सांगितले गेले. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी मोठ्या गटावर ते पुन्हा तपासले तेव्हा हा संबंध बराच क्षीण निघाला. घरची परिस्थिती हिशोबात घेतल्यावर तो जवळजवळ उरला नाही. म्हणून एका मिठाईवरून मुलाचे भविष्य सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. पालकांना अधिक उपयोगी आहे तो सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा २०१३ मधील अभ्यास. ज्या मुलांना आधी दिलेला शब्द मोठ्यांनी पाळला ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांना दिलेला शब्द मोडला ती सुमारे तीनच मिनिटे थांबली. ‘उद्या आणतो’ म्हणून रडणे थांबवायचे आणि उद्या आणायचे नाही, अशा घरात मूल थांबेल कशाला? संयम मुलाला मोठ्यांच्या शब्दाच्या किमतीवरून कळतो. लहानपणीच्या आत्मसंयमाचे महत्त्व तर न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथील दीर्घ अभ्यासाने दाखवलेच आहे. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या एक हजारांहून अधिक मुलांचा मागोवा घेतला गेला, आणि बत्तिसाव्या वर्षीची त्यांची तब्येत, पैशाची स्थिती आणि गुन्ह्यांचे प्रमाण यांचा बालपणीच्या संयमाशी संबंध आढळला.

खेळण्यांच्या ढिगाचा परिणाम खेळावरच होतो. अमेरिकेतील टोलिडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी दिली गेली. चार असताना मुले एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि त्याचे अधिक प्रकारे उपयोग करू लागली. कपाटातली अर्धी खेळणी भरून माळ्यावर ठेवायला यापेक्षा चांगले कारण नको.

कौतुकाचाही अतिलाड होतो. नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी ७ ते ११ वर्षांच्या ५६५ मुलांचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपले मूल इतरांपेक्षा श्रेष्ठ आहे असे मानणाऱ्या पालकांची मुले पुढे अधिक आत्मकेंद्री झाली. माया मिळालेल्या मुलांत मात्र आत्मसन्मान वाढला, आत्मप्रौढी वाढली नाही. प्रेमाने मूल शेफारत नाही, हे याहून स्पष्ट कुणी दाखवले नसेल. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांचे १९९८ मधील प्रयोगही याला पूरक आहेत: हुशारीचे कौतुक झालेली मुले अवघड प्रश्न समोर आल्यावर लवकर खचली, मेहनतीचे कौतुक झालेली टिकून राहिली.

सर्वांत कमी बोलला जाणारा परिणाम भित्र्या मुलांवरचा आहे. मूल अंधाराला घाबरते म्हणून कायम दिवा, पाहुण्यांना घाबरते म्हणून त्याच्या वतीने आईचेच उत्तर, वर्गात बोलायला घाबरते म्हणून बाईंना चिठ्ठी. मूल तात्पुरते सावरते, पण आपल्याला हे झेपत नाही हाच त्याचा समज पक्का होतो. येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांनी यावर पालकांसाठी उपचारपद्धती तयार केली. त्यात मुलाला उपचाराला आणावेच लागत नाही. पालक फक्त ‘तुला भीती वाटते हे मला कळतं, आणि तुला जमेल हेही मला माहीत आहे’ असे म्हणत आपली अतिरिक्त मदत हळूहळू काढून घेतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ही पद्धत मुलांवर थेट केलेल्या मानसोपचाराइतकीच प्रभावी ठरली.

मग करायचे काय? धाकाकडे परत जाणे हे उत्तर नाही. पाच वर्षे लाड, दहा वर्षे मार आणि सोळाव्या वर्षी मैत्री, हे चाणक्याच्या नावावर सांगितले जाणारे सूत्र पिढ्यान्‌पिढ्या पालकांच्या तोंडी आहे. त्यात माया आणि शिस्त वेगवेगळ्या वयांत वाटून टाकली आहे, आणि तिथेच ते चुकते. कॅलिफोर्नियातील डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या तीन तऱ्हा सांगितल्या: हुकूम सोडणारे, मोकाट सोडणारे आणि मायेने वागून नियमही पाळायला लावणारे. तिसऱ्या तऱ्हेच्या घरांतली मुले अधिक स्वावलंबी आणि समंजस आढळली. माया आणि ठामपणा एकाच वेळी, एकाच वाक्यात असावे लागतात. शाळेत मुलांना मारणे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद केले आहे; घरीही त्याला जागा असू नये. साने गुरुजींच्या १९३५ सालच्या ‘श्यामची आई’ मध्ये पोहायला जायचे टाळून लपलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर धाडते. आजच्या पालकांनी त्यातला मार सोडावा आणि भीतीपुढे न नमण्याचा तिचा निर्धार तेवढा घ्यावा.

कामाची सुरुवात पालकांना वाटते त्याच्या कितीतरी आधी करता येते. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांना २००६ मध्ये आढळले की दीड वर्षांची मुले अनोळखी माणसाची पडलेली वस्तूही आपण होऊन उचलून देतात. त्यांच्याच पुढच्या अभ्यासात मदतीबद्दल खेळणे बक्षीस मिळालेल्या मुलांची मदत नंतर कमी झाली. मुलाला या वयात पोळी लाटायची असते, केरसुणी हवी असते, भाजी निवडायची असते. आपण ‘मध्ये मध्ये करू नकोस’ म्हणून त्याला बाजूला करतो आणि दहाव्या वर्षी ते काहीच करत नाही अशी तक्रार मांडतो. भावनगरला १९२० साली बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका, त्यांच्याबरोबर काम करून पुढे १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र उभारणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी मॉन्टेसरींचा विचार इथल्या मातीत रुजवला. पाणी ओतणे, बटणे लावणे, झाडणे, वाढणे ही कामे त्यांच्या बालवाड्यांत शिक्षणाचाच भाग होती. इतके मोठे काम आपल्याच प्रदेशात झालेले असताना, मुलाला कामाला लावणे म्हणजे त्याचे बालपण हिरावणे असे मानायचे कारण नाही. तीन वर्षांच्या मुलाने चपला जागेवर ठेवाव्यात, सहाव्या वर्षी पाने मांडावीत, दहाव्या वर्षी दूध-भाजी आणून हिशोब द्यावा, पंधराव्या वर्षी वरणभाताचा कुकर लावावा. मुलग्यानेही. आणि या कामांचे पैसे देऊ नयेत. घरातला माणूस म्हणून ती करायची असतात.

नियम थोडे असावेत, पण मोडू नयेत. जे पाळून घेता येणार नाही ते बोलूच नये. नकार एकदाच, शांतपणे, कारणासह द्यावा. त्यानंतर मूल रडले तर रडू द्यावे, जवळ बसावे, पण निर्णय बदलू नये. निर्णय चुकला असे वाटल्यास रडणे थांबल्यावर बदलावा. लहानसहान परिणाम मुलाला भोगू द्यावेत: वही विसरली तर ती शाळेत पोहोचवायला धावू नये. मोबाईल-टीव्हीच्या पडद्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेचे २०१९ मधील निर्देश स्पष्ट आहेत: दोन वर्षांखालील मुलांना तो मुळीच नको, आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाहून अधिक नको. आजी-आजोबांशी मुलासमोर वाद घालू नये. आजीच्या घरचे नियम थोडे वेगळे असले तरी मूल ते ओळखते; झोप, खाणे, मोबाईल आणि सुरक्षितता या चार बाबतींत तेवढे सगळ्यांचे एकमत हवे.

सुरक्षिततेच्या बाबतीत तडजोडीला जागाच नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला क्लासला जायला दुचाकी देणे शहरांत आणि गावांत सर्रास चालते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. रस्त्यावर गेलेला जीव यातल्या कोणत्याही शिक्षेने परत येत नाही.

जिथे अतिलाड आधीच झाला आहे तिथे बदल एकदम करू नये. मुलाशी बोलून, काय बदलणार आणि का हे सांगून, एकेक सूट काढावी. पहिल्या काही दिवसांत हट्ट आधीपेक्षा वाढतो. नेहमीचा मार्ग बंद झाल्यावर मूल अधिक जोर लावून पाहते, हे अपेक्षितच असते. बहुतेक घरे इथेच माघार घेतात. ज्यांनी हे दिवस काढले त्यांच्याकडे हट्ट ओसरत जातो. मुलगा किंवा मुलगी नकार ऐकून घरच्यांवर हात उचलत असेल, जिवाचे बरेवाईट करण्याची धमकी देत असेल किंवा शाळा पूर्ण सोडून बसली असेल, तर तो नुसत्या लाडांचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी धमकी खोटी आहे असे गृहीत धरू नये, बालमानसतज्ज्ञाकडे जावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते.